शोभावहिनी विचारायच्या

शोभावहिनींबरोबर बाजारात जायचं म्हणजे दुपारच्या जेवणावर पाणी सोडायचं. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात कुणी काही नवं करताना दिसलं, की त्या थांबल्याच. “मुझे नहीं आता, दिखाइए ना।” समोरची बाई सरदारीण असो, मल्याळी असो, की इस्त्रीवाली, वहिनी तिच्याशेजारी फतकल मारून बसायच्या, आणि मी पिशव्या सांभाळत उभी. “अहो वहिनी, चला ना!” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “थांब गं नीता. तिला येतंय ते मला येत नाही, आणि तुला घर सुचतंय!”

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. यजमान पाटणकरसाहेब केंद्रीय मंत्रालयात नोकरीला, म्हणून दिल्लीत. आमचा जिना एकच, त्या वर, आम्ही खाली. थंडीत कॉलनीतल्या बायका लॉनवर ऊन खात मटार सोलत बसायच्या, तेव्हा वहिनी एकीकडून स्वेटरची वीण शिकायच्या, दुसरीकडून मद्रासी कोलम रांगोळी. गंमत म्हणजे बिचारीला एकही गोष्ट धड यायची नाही. माझ्या मुलासाठी विणलेल्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब! मी हसले तर म्हणाल्या, “येईल की. घाई काय आहे?” फेब्रुवारीत तर त्या खालूनच हाका मारायच्या, “नीता, गॅस बंद कर आणि ये आधी! सावरीला पान नाही एक, नुसती फुलं!” मी कणकेच्या हातांनी जायची, चरफडत.

आणि साहेब? त्यांचं एकच वाक्य, “मला माहीत आहे.” एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं त्यांच्या गाडीतून पानिपतला, मराठ्यांच्या लढाईचं स्मारक काला अंब बघायला निघालो. साहेब फोनवरचा नकाशा लावू देईनात, कुणाला वाट विचारू देईनात. मला माहीत आहे, मला माहीत आहे म्हणत पोचलो ते थेट कर्नालच्या तोंडाशी. माझे यजमान मागून म्हणाले, “साहेब, पानिपतावर आपण एकदा हरलोय, पुन्हा नको.” साहेब हसलेसुद्धा नाहीत.

शेवटी वहिनींनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला एका बाईला विचारायला उतरल्या. त्या परतच येईनात. जाऊन बघते तर काय, ती बाई गोवऱ्यांची रास शेणाने लिंपून तिच्यावर बोटांनी वेलबुट्टी काढत होती, आणि आमच्या वहिनी कोपरापर्यंत शेणात! साहेब हॉर्नवर हॉर्न देत होते. “बघ तरी,” वहिनी मला म्हणाल्या, “पावसाळा संपला की हे फोडून जाळणार, तरी किती निगुतीनं काढतेय.” मी बघितलं. खरंच सुंदर होतं. काला अंबला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

मग तो खोकला सुरू झाला. दिल्लीत दिवाळीच्या सुमारास कोण खोकत नाही? पण वहिनींचा होळीनंतरही जाईना. जिना चढताना त्या मधेच कठड्याला धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फुप्फुसं फार खराब झालीत, पुढची थंडी इथे काढू नका. कोल्हापूरला सख्खी बहीण होती, ती तर रोज बोलवत होती.

“जा ना मग वहिनी!” मी हात जोडले.

“जाईन गं. पण ह्यांचं कसं? चहा करता येत नाही. येत नाही त्याचं काही नाही, पण हे कुणाला विचारायचेही नाहीत. उपाशी बसतील, पण विचारणार नाहीत.”

“बसू देत उपाशी!”

“असं बोलू नये,” त्या म्हणाल्या, आणि खोकत राहिल्या.

न राहवून मी साहेबांना गाठलं. “तिला काही होत नाही,” ते म्हणाले. “हवा शुद्ध करायचं मशीन आणलंय, खिडक्या बंद करून घेतल्यात. मला माहीत आहे काय करायचं ते.” मला इतका संताप आला की मी धाडधाड जिना उतरून आले.

दिवाळी झाली, शहरावर धूर उतरला, आणि वहिनींना दवाखान्यात हलवावं लागलं. मी भेटायला गेले तर तोंडावरचा मास्क बाजूला सारून त्या मणिपुरी नर्सला विचारत होत्या, अंबाडा पिनांशिवाय कसा राहतो म्हणून. नर्सने बिचारीने केस सोडून पुन्हा बांधून दाखवला. वहिनींनी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे परतले. एका रविवारी दार वाजलं. दारात साहेब, हातात मेथीची जुडी. माझ्या मनात आलं, दार लावून घ्यावं. ह्या माणसाच्या चहासाठी ती बाई इथे राहिली.

“नीतावहिनी,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ही... निवडायची कशी?”

मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एक काडी खुडून दाखवली. त्यांनी खुडली, चुकली, पुन्हा खुडली. मग एक पान उलटसुलट करून बघत बसले.

“मागच्या बाजूनं फिकट असतं हे,” ते म्हणाले. “शोभाला ठाऊक असेल, नाही?”

“असणारच. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं त्यांनी.”

बोलून गेले खरी. साहेबांचे हात थांबले नाहीत. “नाही विचारलं,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत तिला काहीच विचारलं नाही मी.” आणि मेथी निवडता निवडता रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं.