भोपाळहून परत आलेला रामघाट

मध्य भारत मोडून नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि तेव्हापासून तिकडून येणाऱ्या प्रत्येक जीपकडे मी संशयानंच बघायचो. उज्जैनच्या संग्रहालयात जुन्या छापील चित्रांचा विभाग माझ्याकडे होता. लोक मूर्ती बघायला यायचे. माझ्या खोलीत यायचे ते पंख्याखाली बसायला. बसेनात का!

त्यातलं एक चित्र माझ्या जिवाचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला रामघाट. अशा पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघतात, पण पत्रा झिजत जातो. पहिल्या प्रतींत जे बारीक दिसतं, ते शेवटच्या प्रतींत उडून जातं. आमची प्रत पहिल्यांतली. शिप्रेवरची लाट न् लाट वेगळी दिसायची.

एक दिवस भोपाळचे अधिकारी आले. "प्रदर्शनी है. थोड़े दिन में लौटा देंगे," म्हणाले. फार गोड बोलत होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला मुळातच राग. मी आमच्या मोठ्या साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, नका देऊ. दाल में कुछ काला है."

साहेब हसले. "अहो, आता सरकार आपलंच ना? तुम्हाला तर देव्हाऱ्यातला देवसुद्धा बदललेला वाटेल!"

गेलं चित्र.

दिवाळी उलटल्यावर तेच अधिकारी ते घेऊन आले. मी चित्र खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरलं. चौकट आमची, पुठ्ठा आमचा, आतला कागद परका. घाट होता, देवळं होती, नदीच्या जागी मात्र नुसतं कोरं. झिजलेल्या पत्र्याची प्रत!

"वही तो है," अधिकारी म्हणाले. "घाट वही, मंदिर वही."

"और पानी?"

"भाईसाहब, गर्मी में शिप्रा में पानी रहता कहाँ है?"

सगळे खो खो हसले. आमचा शिपाईसुद्धा! माझं डोकंच फिरलं. चित्र परत मिळाल्याची सही करायला मी साफ नकार दिला. त्याबरोबर भोपाळच्या साहेबमजकुरांचा आवाज बदलला. "तो फिर बदला किसने? हमें तो यहाँ से यही मिला था."

चोराच्या उलट्या बोंबा! मी आमच्या साहेबांकडे बघितलं. ते रोज त्या चित्रासमोर चहा प्यायचे.

"मला तर तेच वाटतंय हो," ते चाचरत म्हणाले. "लाटा होत्या की नव्हत्या... खरं सांगू? कधी बघितलंच नाही."

शिपायानं बघितलं नव्हतं, कारकुनांनी बघितलं नव्हतं. बघणारा मी एकटा, म्हणून चोरही मीच. माझ्यावर चौकशी बसली. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण घराण्यात कुणावर असला आळ आला नव्हता, त्यानं मी आतून जळत होतो.

घरी पोचलो तर बातमी टावर चौकातून माझ्या आधीच येऊन बसलेली. बायकोनं पान वाढलं. मग समोर बसून हळूच म्हणाली, "रागावू नका हं. पण तुमचा फार जीव होता ना त्यावर... घरी तर नाही ना आणलंत?"

हातातला घास मी पानात ठेवला. जानव्याला बांधलेली माझ्या ट्रंकेची किल्ली मी सोडली आणि तिच्यापुढे ठेवली. वाटलं, आता ती लाजेल, किल्ली परत सरकवेल.

तिनं ती उचलली आणि आतल्या खोलीत गेली.