डुलकी लावणारं इंजिन

गाडीवाल्या काकांच्या जुन्या गाडीचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन कायमचं जाम झालं. तसलंच दुसरं निवडायला स्वारी गॅरेजात आली ती मेहुणीला घेऊन!

"काका, इंजिन बघताय की स्थळ?" मिस्त्रीने टोमणा मारला.

"भावोजी, मला यातलं काय कळतंय?"

"तू नुसती खुर्चीत बस."

गाडी सुरू झाली की काकूंना डुलकी लागायची. गप्पांना कोणी नाही म्हणून काका जन्मभर कुरकुरले. आता काकूच नव्हत्या, पण बहिणीलाही तीच खोड होती.

पहिल्या दोन इंजिनांपुढे मेहुणीची टकळी चालूच राहिली. तिसरं मंद घुमू लागलं आणि बाईंची मान कलली.

"याच्यात ताकद कमी आहे, काका."

"हेच द्या," काका कुजबुजले, "आणि इतक्यात बंद करू नका."