जीन्सचा तारा

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे सासऱ्यांचा फोन येतो, नगरकडच्या गावाहून. आधी तब्येती, मग पाऊसपाणी, मग नातीशी बोबडं बोलणं, आणि शेवटी, "स्पीकरवर टाका, प्रार्थना करू." मग मी, नवरा आणि तीन वर्षांची लेक, बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये, मोबाईल मधोमध ठेवून डोळे मिटून बसतो. सासरे आयुष्यभर मिशनच्या शाळेत शिकवून रिटायर झालेले. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेत हजेरी घेतल्यासारखे सगळे येतात, एकही सुटत नाही. माझी पाठदुखी येते, नातीची सर्दी येते, शेजाऱ्यांची आजारी म्हैससुद्धा येते. आणि नवऱ्याची पाळी आली की एक वाक्य ठरलेलं असायचं, "आणि प्रभू, माझ्या मुलाला एक चांगली नोकरी दे."

आता यात गंमत अशी की नवऱ्याला नोकरी आहे. चांगली आहे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना आहे, तिथे तो कटिंग मास्टर आहे. कापडाचे थरावर थर टाकायचे, वर खडूने आखायचं आणि मशीनने पँटचे भाग कापायचे. रेघ चुकली तर एका झटक्यात ढीगभर पँटी लंगड्या होतात. पण बाबांच्या लेखी ही नोकरी नव्हेच. मुलाने डी.एड. केलं होतं. शाळेत कुठे लागेना म्हणून इथे मामाकडे आला आणि तात्पुरता म्हणून कारखान्यात शिरला. पुढे गावाकडच्या शाळेत जागा निघाली, बाबांनी चार लोकांकडे शब्द टाकला, आणि हा पठ्ठ्या चक्क नाही म्हणाला. म्हणे, मला इथलं काम आवडतं. बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं. त्यांनी विषय सरळ देवाकडे नेला, आणि देवाशी कुणी बोलत असताना आपल्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

एका रविवारी फोन ठेवल्यावर मी भडकलेच. माझा स्वभाव तसा आहे, मनात ठेवलं की मला पित्त होतं.

"तू सांगत का नाहीस त्यांना?"

"प्रार्थनेत कोण भांडतं गं?"

"मी भांडते! पुढच्या रविवारी बघच तू."

"गप बस," तो म्हणाला. मग लेकीचे सांडलेले खडू गोळा करता करता हळूच म्हणाला, "नोकरी मागू नये त्यांनी माझ्यासाठी. आहे त्या कामासाठी एकदा प्रार्थना करावी. एकदाच. बाकी काही नको मला."

मला एकदम भरून आलं. एवढा दांडगा माणूस, आणि मागतोय काय तर बापाच्या प्रार्थनेतलं एक वाक्य.

बाकी आमचं मजेत चाललेलं असतं. मी अंबरनाथला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमचं चर्चही अंबरनाथ पश्चिमेला, माझं माहेरचं. रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर तिघं निघतो आणि दर रविवारी उशिरा पोचतो, कारण घरातून निघताना लेकीचा एक बूट हमखास गायब असतो. मी गायनमंडळात. पहिलं गीत सुरू झालेलं असतं, आणि मी ओढणी सारखी करत, कुणाच्या नजरेला नजर न देता बायकांच्या रांगेत घुसते. उपासना संपली की फिरणं. कधी कॅम्प तीनला जाऊन सिंध्यांकडचं दाल पकवान, कधी बारवी धरणाच्या रस्त्याला एखादं झाड बघून चटई टाकायची आणि डब्यातला पुलाव खायचा.

ती चटई जीन्सची. नवऱ्याचा छंद म्हणजे कारखान्यात उरलेले जीन्सचे तुकडे घरी आणायचे आणि त्यांचं काहीतरी करायचं. चटई जीन्सची, माझी भाजीची पिशवी जीन्सची, लेकीची बाहुली जीन्सची. माझ्या बायबलला जीन्सचं कव्हर आहे, त्याला मागे खिसा आहे, त्या खिशात माझा चष्मा बसतो. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका आधी नाक मुरडायच्या, आता ऑर्डरी देतात. घरात जीन्स न घातलेला एक फ्रिज तेवढा उरलाय, आणि त्याच्यावरही याची नजर आहे.

तर गेल्या नाताळाच्या आधी फोनवर बाबा म्हणाले, "या वर्षी मी तुमच्याकडे येतो." हे घर घेतल्यापासून ते पहिल्यांदा येणार होते. नवऱ्याच्या अंगात वारंच शिरलं. म्हणाला, "नाताळचा तारा मी करणार. जीन्सचा. बाबांना कळू दे माझे हात काय करतात ते."

नाताळाच्या आधी आमच्या चर्चचा तरुण संघ ढोलकी-गिटार घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरतो. ज्या घरावर तारा, ते आपलं घर. आमचं नवं घर कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी पत्ता विचारला तर याने काय सांगावं? "पत्ता कशाला? हेंद्रेपाड्यात शिरा आणि वर बघा. तारा दिसेल."

आणि तारा झालाही झक्कास! बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर गडद निळी, जाडजूड, एक नंबर जीन्स, कडेने नारिंगी दुहेरी शिलाई, प्रत्येक टोकाला पितळी बटण. आमच्या दारातून तो तिरका करूनच आत आणावा लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, "अगो बाई! दिवाळीला आमचा कंदीलपण असाच करून दे रे बाबा." मी तर येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

बाबा आले. बरोबर शेंगा, बाजरीचं पीठ आणि छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, ते विचारायचं नसतं. त्यांनी घर फिरून पाहिलं, म्हणजे दोनदा वळून पाहिलं, आणि म्हणाले, "हवा चांगली येते." गॅलरीतल्या ताऱ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "शिलाई सरळ आहे." नवरा दिवसभर त्या तीन शब्दांवर तरंगत होता.

संध्याकाळी मी करंज्यांचं ताट सजवलं, लेकीला नवा फ्रॉक घातला. अंधार पडला. नवऱ्याने बाबांना गॅलरीत उभं केलं, घसा साफ केला आणि ताऱ्याचं बटण दाबलं.

काही नाही.

"लाइट गेली का?" बाबांनी विचारलं. लाइट होती, आमचा फ्रिज घुरघुरत होता. नवऱ्याने बटण दोनचारदा खालीवर केलं. ताऱ्याच्या मागे, जिथे बल्ब आत घातला होता तिथे, डोळा लावला. बल्ब लख्ख पेटलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. "अरे, जीन्स आहे ती! जीन्समधून उजेड कसा येणार?"

इतके दिवस खपून तारा केला, सगळ्या बिल्डिंगला दाखवला, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! तेवढ्यात मागच्या गल्लीतून ढोलकी ऐकू आली. तरुण संघ आमच्या बिल्डिंगखालून पुढे निघून गेला होता. नवरा स्लिपर घालून धावत खाली गेला, पण मोटारसायकली निघून गेल्या होत्या. फोन लावला तर त्या गोंगाटात कोण उचलतंय! बऱ्याच वेळाने एकाचा मेसेज आला, दोन चकरा मारल्या, तारा कुठे दिसला नाही, उद्या येतो.

बाबांनी एक करंजी खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, "कागदाचा केला असता तर बरं झालं असतं."

वाईट हेतूने नाही म्हणाले ते. पण नवऱ्याचा चेहरा असा पडला की मला बाबांचा राग आला, माझाही आला, मी तरी काय डोळे मिटून बसले होते का? आणि खरं सांगू, त्या सगळ्यात मला हसूही येत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसून घेतलं. नवरा पाणी प्यायला आत आला, त्याने ते पाहिलं आणि पाणी न पिताच निघून गेला. तो जेवला नाही. मग मला हसल्याचंही वाईट वाटलं.

सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "फाडतो."

"काय फाडतोस? वेडा झालास का?"

"अगं, तारा. रिप्ड जीन्स करतात तसा. कारखान्यात जाऊन करतो."

बाबांना समजेना. मी त्यांना सांगितलं की हल्ली मुलं गुडघ्यावर फाटलेल्या पँटी मुद्दाम घालतात, आणि त्या कारखान्यातूनच तशा फाडून येतात. बाबांनी कप खाली ठेवला. "हे मला बघायचंय," म्हणाले.

मग काय, अख्खी वरात निघाली. मलाही सुट्टी होती. रिक्षात तारा आमच्या तिघांच्या मांडीवर आडवा, लेक त्याच्यावर पालथी. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "ये क्या है भाई, पतंग?"

"स्टार है, क्रिसमस का."

"जीन्स का? तो चमकेगा कैसे?"

रिक्षावाल्याला एका नजरेत कळलं! मी बाहेर बघत बसले.

कारखान्यात सिंधी शेठने बाबांना खुर्ची दिली, "बाबूजी के लिए चाय लाओ" म्हणून ओरडला. नवऱ्याने तारा कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि बाबांना दाखवायला लागला. जीन्सचे उभे धागे निळे असतात, आडवे पांढरे. दोन आडव्या चिरा द्यायच्या आणि त्यांच्यामधले निळे धागे चिमट्याने एकेक ओढून काढायचे. मग पांढऱ्यांची जाळी उरते. त्यातून उजेड येतो.

"चांगलं कापड फाडायचं, आणि लोक ते हौसेने घेतात?"

"रांगा लावून घेतात, बाबा."

"देवा रे," बाबा म्हणाले. थोडा वेळ बघत राहिले. मग चष्मा नाकावर सरकवला. "आण तो चिमटा इकडे."

बाप-लेक टेबलाच्या दोन बाजूंना बसले आणि धागे ओढायला लागले. लेक कापडाच्या ढिगावर झोपून गेली. मी मुकाट्याने चहा पीत ऐकत होते. म्हशीचं काय झालं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, काजबटणवाला कुठल्या गावचा, शेठला गोड का चालत नाही. महत्त्वाचं काहीच नाही, पण थांबायचं नाव नाही. फोनवर दोन वर्षांत हे एवढं बोलले नव्हते.

आणि मग बाबांनी जरा जोरात ओढलं. निळ्यांबरोबर पांढरेही तुटून आले. एका टोकाला मूठभर भोक पडलं. बाबांचा हात तिथल्या तिथे थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला, तरी भोक होतंच.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता की मीच कप खाली ठेवला.

नवऱ्याने भोकातून हात घातला, बोटं नाचवली. "चुकलं कसलं, बाबा. असंच राहू दे, फॅशन आहे. मी तर नवीन असताना शेठचा अख्खा माल बिघडवला होता. सगळे डावे पाय कापून ठेवले."

"मग? शेठ काय म्हणाला?"

"म्हणाला, कल जल्दी आना, फिर से सिखाता हूँ."

बाबांनी शेठच्या काचेच्या केबिनकडे बराच वेळ पाहिलं. "चांगला माणूस आहे," म्हणाले, आणि परत चिमटा उचलला.

त्या संध्याकाळी बटण दाबलं आणि मी ओरडलेच. निळ्या अंधारात पांढऱ्या पट्ट्या पेटल्या होत्या, नारिंगी शिलाई चमकत होती. एका टोकाच्या भोकातून नुसता बल्ब डोकावत होता, टकलासारखा, पण कोण बघतंय! काकूंनी खाली जाऊन रस्त्यावरून फोटो काढले. तरुण संघ आला, जिन्यापासूनच गात आला. बाबाही गायले, ते त्यांच्या गावच्या जुन्या चालीत, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे. करंज्यांचं ताट चाटूनपुसून साफ झालं.

सगळे गेल्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो. बाबांनी हात जोडले. "हे स्वर्गातल्या प्रेमळ बापा," सुरुवात झाली, आणि हजेरी निघाली. अन्न, घर, माझी पाठ, नातीची सर्दी, समोरच्या काकू, गाणारी मुलं. मग नवऱ्याचं नाव आलं.

"आणि प्रभू, माझ्या मुलाला एक चांगली..."

सवयच ती. पण बाबा तिथे थांबले. इतका वेळ थांबले की लेकीने "आजोबा झोपले?" म्हणून विचारलं.

"प्रभू," बाबा म्हणाले, "नोकरीचं मी जे मागत होतो, ते राहू दे. त्याला आहे. मी आज बघून आलो. त्याच्या हातातल्या कामावर तुझा आशीर्वाद..."

"आमेन!" नवरा ओरडला. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल.

"थांब रे," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "अजून संपली नाही."