काचेतलं कोकरू

जगातलं एकही मेंढरू माझ्या मामांच्या मनासारखं नव्हतं. कळप विकून कऱ्हाटी गावात ऊस लावून बरीच वर्षं झाली होती, पण नजर मेंढक्याचीच राहिली. कॅलेंडरवरचं गोजिरवाणं कोकरू पाहूनही ते दुकानदाराला झापत, "ह्येचं खूर सडल्यात, दिसत न्हाय व्हय?" एकदा इंदापूरला जाताना त्यांनी मध्येच एसटी थांबवली आणि झाडाखाली झोपलेल्या अनोळखी मेंढक्याला उठवून फैलावर घेतलं. तोवर गाडी निघून गेली. तो दोषही त्यांनी त्याच्याच माथी मारला.

नव्वदच्या दशकात अल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं खूळ बारामतीत आलं आणि मी त्याचं दुकान थाटलं. एका जुन्या दगडी चर्चच्या कमिटीने मला बोलावलं. तिथली इंग्रजांच्या काळातली रंगीत काचेची खिडकी खिळखिळी झाली होती. ती काढून माझी सरकती बसवायची होती. माप धरायला मी मामांना नेलं, ही माझी घोडचूक.

खिडकीत येशू उभा होता, खांद्यावर कोकरू घेऊन. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी कौतुकाने सांगितलं, की शंभरातलं एक हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून मेंढपाळ त्याला शोधायला गेला. मामांनी टेप टाकून दिली. "नव्व्यान्नव रानात? कुनाच्या भरवशावर? राखनीला कुत्रं तरी हाय का? लांडगं काय उपास धरून बसल्यात?"

"अहो मामा, ही गोष्ट आहे."

"म्हून काय झालं? असल्या मानसाला आमी शेळी राखाय दिली नसती!"

त्यानंतर ते आठवड्यातून दोनदा सायकल हाणत त्या खिडकीशी भांडायला यायचे. पाळकसाहेब बिचारे चहा पाजायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

खिडकी काढायच्या दिवशी मी छिन्नी लावणार, तेवढ्यात मामांनी विचारलं, "खाली काय लिवलंय?" पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं. कुणा साहेबाची दोन वर्षांची मुलगी इथे तापाने गेली. आईबापांना मायदेशी परतावं लागलं, तिची कबर इथेच राहिली. म्हणून त्यांनी ही खिडकी करून बसवली. "ते कोकरू म्हणजे ती मुलगी. देव तिला घरी नेतोय."

मामांनी मान वर करून कोकराकडे पाहिलं. मग माझ्यावरच उखडले, "छिन्नी ठेव खाली! लेकराला कुनी घराबाहेर काढतं व्हय रं?" कमिटीतल्या एकेकाला त्यांनी असं सोलून काढलं, की खिडकी दुरुस्त करायचं ठरलं आणि माझं काम गेलं. मी संतापाने लालबुंद झालो. परतताना रस्त्यावरच त्यांना जाब विचारला.

ते सायकल हातात धरून चालत होते. "आमची थोरली लेक," ते म्हणाले. "मेंढरं घिऊन कोकनात निघालो व्हतो. घाटात ताप भरला तिला. सांजंला गेली. रस्त्याकडंला पुरली आन् उजाडायला निघालो. मेंढरं उपाशी व्हती. थांबून कसं चालंल?"

त्यांनी सायकल या हातातून त्या हातात घेतली.

"भाचं, तू शिकल्याला हाइस. ती गोष्ट खरी असंल का रं? एकासाठी मागं फिरत असंल का कुनी?"

मी मान खाली घालून चालत राहिलो. मामा जाऊनही आता वर्षं झाली, पण माझा माझ्यावरचा राग काही जात नाही. हो म्हणायला माझं काय जात होतं?