भिंतीकडे वळलेली खुर्ची

नांदेडच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत कुणी पासवर्ड टाकायला लागलं की सूर्यवंशी मॅडम आपली खुर्ची भिंतीकडे वळवत. झालं का, असं विचारत आणि हो म्हटल्यावरच परत फिरत. नवी माणसं हसत, कारण वेबसाइटचा सर्व्हर त्यांच्याच ताब्यात होता. त्यावरची कुणाचीही फाइल त्या न विचारता उघडू शकत होत्या, मालकांचीसुद्धा. आमचे वृत्तसंपादक देशमुख यांनी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिसतं म्हणून बघायचं न्हाई, साहेब. किल्ल्या ज्याच्याकडं, त्यानं तर न्हाईच."

सुलोचना सूर्यवंशी उदगीरच्या. शिकल्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि नोकरीला नांदेडातच राहिल्या. मी पाहिल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, पर्समध्ये भाजलेल्या शेंगा. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर त्या हळू टाइप करत. ओळ लिहून झाली की हात मांडीवर घेत, ती पुन्हा वाचत आणि मगच एंटर दाबत. बिघाड घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला असे: लॉग काय म्हणतो? लॉग म्हणजे सर्व्हर आपल्याजवळ करत असलेली घडामोडींची नोंद. "तुम्हाला काय वाटून राहिलं ते नंतर सांगा," त्या म्हणत. "त्यानं लिहिलंय, ते आधी वाचू."

कचेरीने जुना सर्व्हर काढून नवा घेतला, त्यानंतरची गोष्ट. जळकोटकडच्या एका खेड्यातून प्रकाश कांबळे नावाचा गृहस्थ सकाळीच येऊन बसला होता. त्याच्या आई मथुराबाई गावच्या सुईण. त्यांच्या सत्काराची बातमी आम्ही काही वर्षांपूर्वी रंगीत फोटोसह वेबसाइटवर दिली होती. मथुराबाई वारल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी गावात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. त्यांची नात, प्रकाशची मुलगी, ती बातमी सगळ्यांसमोर वाचणार होती. बातमीची लिंक निमंत्रणासोबत सगळ्या नातेवाइकांना गेली होती. आता ती उघडली की पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन शब्द येत. त्यांचा अर्थ त्याने मुलीकडून समजून घेतला होता.

"मनाई म्हणून लिहून येतंय," तो देशमुखांना म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या मायचं पान बघायला मनाई कशापायी, साहेब?"

देशमुखांनी त्याला चहा सांगितला आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी सर्व्हरवरून तो फोटो काढून आधी त्याच्या मोबाइलवर पाठवला, बॅनर तरी छापायला जाऊ दे म्हणून. प्रकाशने फोटो पुढे धाडला, पण उठला नाही. गावात लोक म्हणत होते की पेपरवाल्यांनी बातमी काढून टाकली. ते पान गावाच्या मोबाइलवर उघडायला हवं होतं.

मॅडमनी लॉग वाचला. बातमीची फाइल सगळ्यांना वाचायला खुली होती. अडचण तिच्या वरच्या फोल्डरची होती. आमची पहिली वेबसाइट छायाचित्रकार रज्जाकभाईंनी हौसेने उभी केली आणि जुनी पानं सर्व्हरवरच्या स्वतःच्या खात्यात ठेवली होती. रज्जाकभाई आदल्या वर्षी गेले. नव्या सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं परक्यांना बंद असतं, त्यामुळे त्या खात्यातून पानापर्यंत जायची वाटच बंद झाली होती. "फाइलला कशाला विचारता," मॅडम म्हणाल्या. "वरपासून एकेक दार बघत खाली या."

देशमुखांना घाई होती. सात-सात-सात करून टाका, ते म्हणाले. हे आकडे दिले की त्या फोल्डरमध्ये कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं अशी मोकळीक मिळते. पान एका मिनिटात उघडलं असतं.

"दार घट्ट बसलंय म्हणून चौकट उखडून न्यायची का?" मॅडमनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रज्जाकभाईचं घर हाय ते. त्यात त्यांचं घरचंही असंल. भाभींना न विचारता मी उघडणार न्हाई."

प्रकाश ऐकत होता. त्याची उदगीरची गाडी दुपारची होती. त्याने विचारलं, "लई वेळ लागंल का, ताई?"

"लागंल, दादा. पण पुन्हा बंद पडणार न्हाई."

वेबसाइटची पानं तेवढी त्यांनी रज्जाकभाईंच्या खात्यातून सार्वजनिक जागी हलवली आणि सर्व्हरला नवा पत्ता सांगितला. प्रकाशने लिंक दाबली. पुन्हा तेच दोन शब्द. त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. देशमुख खिडकीबाहेर बघू लागले.

मॅडमनी पुन्हा लॉग उघडला. पाटी तीच होती, कारण दुसरं होतं. फोल्डर आता मोकळे होते, पण त्या नव्या जागेतून पानं दाखवायची परवानगी सर्व्हरच्या स्वतःच्या नियमांत लिहिलेलीच नव्हती. त्यांनी तेवढ्या एका फोल्डरपुरती परवानगी लिहिली, हात मांडीवर घेतले, ओळी वाचल्या, मग एंटर दाबलं.

"आता बघा, दादा."

पान उघडलं. हिरव्या लुगड्यातल्या मथुराबाई, खांद्यावर शाल. प्रकाशने लगेच मुलीला फोन लावला आणि तुझ्याकडं दिसतंय का, एवढंच विचारलं. तिकडचं उत्तर ऐकून त्याने मान हलवली. "आजी दिसून राहिली म्हणते," तो म्हणाला, आणि डोळे पुसून गाडीसाठी निघाला.

रज्जाकभाईंचं बाकीचं सगळं मॅडमनी न उघडता एका हार्ड डिस्कवर उतरवून भाभींच्या घरी स्वतः नेऊन दिलं. त्यात न छापलेले चांगले फोटो असतील, वर्धापनदिनाच्या अंकाला लागतील, असं देशमुख आधी म्हणाले होते. भाभींनी दिले तर छापा, असं मॅडमनी सांगितलं. भाभींनी पुढे काही दिले आणि ते छापलेही.

आई अंथरुणाला खिळल्यावर मॅडमनी राजीनामा दिला आणि लातूरला भावाकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्यांनी सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदलायला लावला. तो टाकत असताना त्या भिंतीकडे तोंड करून शेंगा सोलत होत्या. मग स्वतःचं खातं त्याच्याकडूनच बंद करून घेतलं. देशमुख म्हणाले, राहू द्या, कधी अडलं तर तुम्हालाच विचारायचंय. अडलं तर फोन करा, त्या म्हणाल्या.

निघण्याआधी त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला. नकार आला. दुसऱ्या मार्गाने केला, तिथेही नकार आला. हात मांडीवर घेऊन त्यांनी ती ओळ पूर्ण वाचली.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता बरोबर हाय." आणि लॅपटॉप मिटला.