टाकीमागचं हिरवं स्टूल

फोन आला तेव्हा मी परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनच्या ढिगापाशी उभा होतो आणि बोली चालू होती. फोन शाळेच्या शिपायाचा, रंगनाथचा. "आप्पा, शैला मॅडम वारल्या. सकाळी भाकऱ्या करता करता पडल्या, डॉक्टर यायच्या आधीच सरलं सगळं." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पुढची बोली दिली. ढीग माझ्या नावावर सुटला. हमाल पोती भरायला आले तेव्हा कुठं मी त्या ढिगावरच बसलो. हमाल हसले. त्यांना वाटलं, माल फार चढ्या भावानं गळ्यात पडला म्हणून आप्पा खचला... त्या दोन-तीन मिनिटांत मी बोली का दिली, याचं उत्तर मला आज सात आठवड्यांनंतरही सापडलेलं नाही. सवय, एवढंच म्हणता येईल. त्याच सवयीनं त्याआधी काय करून ठेवलं, तेच इथं लिहायचं आहे.

पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या. आदर्श शिक्षिका, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ. यातलं एकही मला माहीत असलेल्या शैला मॅडमना लागू पडत नाही. त्या मनमिळाऊ तर बिलकुल नव्हत्या. आमची पहिली ओळख भांडणातून झाली. वर्षाची तूर घ्यायला त्या माझ्या आडतीच्या दुकानावर आल्या, भाव ऐकून घेतला, घासाघीस केली नाही. मी मनात म्हटलं, नोकरदार बाई आहे, चला. मग त्यांनी पिशवीतून आपलं स्वतःचं मापटं काढलं. "आप्पा, भाव तुमचा. माप माझं." मी चिडलो. वीस वर्षांचा काटा आहे माझा, कुणी बोट दाखवलं नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग घाबरता कशाला?" सगळी आडत हसली. मी सातवीत शाळा सोडून याच मोंढ्यात पाठीवर पोती वाहिली आणि मग गादीवर बसलो. मला असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. पण दर वर्षी त्या माझ्याकडंच यायला लागल्या आणि दर वर्षी ते मापटं घेऊन.

माझी मुलगी वैशू पाचवीत त्यांच्या शाळेत गेली, तेव्हा मला ते स्टूल पहिल्यांदा दिसलं. हिरवं, प्लास्टिकचं, एका पायाला तार गुंडाळलेलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकीचे शिक्षक चहाला जात आणि मॅडम ते स्टूल उचलून पाण्याच्या टाकीमागं, मुलींच्या संडासांजवळच्या बोळात जाऊन बसत. तिथं वास येतो, डास असतात, उन्हाळ्यात पत्रा तापतो. मांडीवर वह्या घेऊन त्या तपासत बसायच्या. मी एकदा फी भरायला गेल्तो, तर विचारलं, "मॅडम, हितं कशाला? व्हरांड्यात पंखा हाय की." त्यांनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "व्हरांड्यात कुणी कुणाला मारत नाही, आप्पा. वर्गात मी असते, ग्राउंडवर सर असतात. मोठं माणूस कुठं नसतं ते पोरांना बराबर माहीत असतं. म्हणून मी इथं बसते." मी हसलो. म्हणालो, आमच्या वेळी आम्हाला कोण राखण होतं? मला पोरं 'सुतळ्या' म्हणायची, चड्डीला सुतळी बांधलेली असायची म्हणून. डबा नाल्यात फेकायची. सोसलं, म्हणून आज उभा आहे. तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यामुळं उभे नाहीत तुम्ही. तरीही उभे आहात. शाळा कितवीत सोडलीत?" सातवीत शाळा का सोडली हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. घरची गरिबी, असंच सांगत आलो.

वैशू सातवीत असताना तिच्या मनगटावर पांढरा डाग आला, मग कोपरावर, मग ओठाच्या कडेला. कोड. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे लागत नाही, दुखत नाही, मलम लावा आणि मुलीला हिंडू-फिरू द्या. आम्हाला ते समजलं. वर्गातल्या पाच-सहा मुलींनी मात्र ते समजून घ्यायचं नाही असं ठरवलं. वैशू ज्या बाकावर बसली तो बाक त्या रुमालानं पुसायच्या, तिच्या देखत. तिच्या हातून वही गेली की "ई, लागलं, लागलं" म्हणत ती एकमेकींवर टाकायच्या. मोबाईलवर त्यांचा एक ग्रुप होता, त्यात तिच्या ओठाचा फोटो मोठा करून टाकला. पुढारीण कोण होती ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, कारण मॅडमनी बजावलं होतं, "ती पण तेरा वर्षांचीच आहे आप्पा, आणि ती पण माझीच विद्यार्थिनी आहे. तिलाही यातून बाहेर काढायचंय मला." तिच्या बापाबद्दल मात्र असं काही बजावलेलं नव्हतं. तो एका जिनिंगचा, कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचा मालक आणि संस्थेच्या मंडळावरचा माणूस.

मॅडमनी मला लेखी अर्ज द्यायला लावला. फोटोचा पुरावा जोडला, त्या मुलींना एकेकीला वेगळं बसवून बोलल्या, त्यांच्या आयांना बोलावलं, आणि टाकीमागं रोज बसल्याच. वैशू डबा घेऊन त्यांच्या स्टुलाशेजारी पायरीवर बसायची. हळूहळू दुसऱ्या दोघी-तिघी येऊन बसायला लागल्या. घरी येऊन वैशू सांगायची, "आज मॅडमनी माझ्या डब्यातली चटणी खाल्ली, सगळ्यांसमोर." एवढ्याशा गोष्टीनं पोरगी आठ दिवस हसत होती.

मग मुख्याध्यापकांचा निरोप आला, बसून मिटवून टाकू. मी गेलो. तिथं जिनिंगवाला होता, पेढे होते, चहा होता. मिटवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझा धंदाच तो आहे. दोन तास घासाघीस झाली. मला त्याच्या मुलीची लेखी माफी पाहिजे होती, वर्गासमोर वाचून. तो म्हणत होता, तोंडी बस. मी टेबलावर हात आपटला, उठून दारापर्यंत गेलो, त्यानं परत बोलावलं. शेवटी माफीला कबूल झाला आणि म्हणाला, "बराबर. तुझं सगळं मान्य. माझं एकच. ती बाई सुट्टीत पोरींवर पाळत ठेवून राह्यली. माझ्या पोरीला गुन्हेगारासारखं वाटतं. ते स्टूल बंद." मुख्याध्यापक म्हणाले, ती काही अधिकृत ड्यूटी नाहीच. मला वाटलं, एवढंच? माफी मिळाली लेखी आणि जातंय काय, तर एक प्लास्टिकचं स्टूल. मोंढ्यात आता उघडी बोली असते, पण जुनी माणसं सौदा पक्का करताना अजून हातावर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबतात. एकदा बोटं दाबली की दिलेला शब्द फिरवायचा नाही. त्यानं हसत उपरणं टाकलं. मी बोटं दाबली. मान वर केली तर दारात मॅडम उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आप्पा, माफी तुम्ही घेतलीत. स्टूल कुणाचं दिलंत?" मला राग आला. मी म्हणालो, "मॅडम, सौद्यात थोडं द्यावं लागतं."

माफी वाचली गेली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी घरी जिलेबी नेली. पंधरा दिवसांनी त्याच टाकीमागं चार मुलींनी वैशूला धरलं आणि भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं तिचा हात घासला... डाग निघतो का बघू म्हणून. संध्याकाळी तिच्या आईनं बाही वर केली, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत सालटं निघालेली होती. वैशू रडली नाही. ती म्हणाली, "तिथं कोणीच नव्हतं बसलेलं."

मॅडम दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन परत बोळात बसल्या. त्यांना नोटीस मिळाली: संस्थेचा निर्णय डावलला, पालकांमध्ये गैरसमज पसरवला. त्या बसतच राहिल्या, तर दुसरी नोटीस मिळाली आणि स्टूल भांडारात कुलूपबंद झालं. त्यानंतर त्या उभ्या राहायच्या, पाय सुजलेले असताना. वैशूनं शाळेत जाणं सोडलं होतं; मॅडम शाळा सुटल्यावर घरी येऊन तिला गणितं द्यायच्या. प्रत्येक वेळी निघताना मला एकच सांगायच्या. "आप्पा, नवा अर्ज द्या. मुलीच्या बापानं लेखी मागितलं की सुट्टीत तिथं मोठं माणूस हवं, तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही. माझं म्हणणं ते उडवून लावतात. तुमचं उडवता येणार नाही." मी हो म्हणायचो. आणि द्यायचो नाही. का, ते स्पष्ट लिहितो. मी बोटं दाबली होती. मोंढ्यात शब्द फिरवलेल्या माणसाच्या ढिगापाशी कुणी उभं राहत नाही. पोरीच्या हातावर खपली धरत होती आणि मी शब्द सांभाळत होतो.

शनिवारी त्या शेवटच्या आल्या. उंबऱ्यावर बसून चप्पल घालता घालता म्हणाल्या, "सोमवारी देताय ना?"

"सोमवारी आवक लई हाय, मॅडम. मंगळवारी नक्की."

"तुम्ही भावात एवढा उशीर कधी करता का हो?" असं म्हणून हसल्या. थकलेलं हसू होतं. सोमवारी रंगनाथचा फोन आला.

शोकसभेत मुख्याध्यापकांनी त्यांना मायेची सावली म्हटलं. ज्या हातानं नोटिशीवर सही केली, त्याच हातानं फोटोला हार घातला. माझं डोकं फिरलं. मी उठून विचारलं, "ते स्टूल कुठंय?" ते म्हणाले, "आप्पा, हा प्रसंग नाही." मी म्हणालो, "मंग प्रसंग कोणता ते सांगा. बाई जिती असताना व्हता का?" दोघांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. मागून जिनिंगवाला आला, पाठीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "आप्पा, आपलं ठरलं व्हतं ना." तो खोटं बोलत नव्हता. आजवर मला इतकं खरं कुणी बोललं नाही, आणि त्याच्या थोबाडीत मारायला उचललेला हात मी खाली घेतला.

मंगळवारचा अर्ज मी नंतर दिला. मंडळापुढं ठेवू म्हणाले. व्हरांड्यात तक्रारपेटी आहे. तिची किल्ली कुणाकडं आहे, हे रंगनाथलाही माहीत नाही. शेजारी मुलांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या समितीचा फलक आहे, त्यावर पहिलं नाव अजून मॅडमचंच आहे. मी म्हणालो, एक बाई माझ्या खर्चानं ठेवा, फक्त सुट्टीपुरती. ते म्हणाले, बाहेरची व्यक्ती चालत नाही. मग तुमच्यातल्या एकीला बसवा. म्हणाले, सगळ्यांना कामं आहेत. माझ्याकडं द्यायला होतं ते सगळं मी पुढं केलं, आवाज चढवला, हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला काही नको होतं. वैशू रोज सकाळी वेणी घालते, दप्तर भरते आणि दारात उभी राहून विचारते, "तिथं कोण बसतंय?" मी म्हणतो, अजून कुणी नाही. ती दप्तर परत खुंटीला लावते.

गेल्या आठवड्यात रंगनाथ ते स्टूल आमच्याकडं टाकून गेला. भंगारात काढलं होतं म्हणाला. बसायची जागा घासून गुळगुळीत झालेली, तारेला गंज चढलेला. आता मधल्या सुट्टीच्या वेळी मी गादी सोडतो, स्टूल उचलतो आणि शाळेच्या कंपाउंडबाहेर, रस्त्याच्या कडेला, टाकीच्या मागच्या भिंतीला लागून बसतो. रस्ता सरकारी आहे, तिथून उठवता येत नाही. मोंढ्यातली माणसं गाडीवरून जाताना विचारतात, "काय आप्पा, हितं काय विकून राह्यले?" भिंत माझ्यापेक्षा उंच आहे. पलीकडचं ऐकू येतं फक्त. परवा आधी हसणं ऐकू आलं, चार-पाच जणींचं. मग एक बारीक आवाज, "नको ना... नको ना गं..." वैशू तर घरी होती. मी स्टूल भिंतीवर आपटून ओरडलो, "कोण हाय तिकडं?" सगळं गप्प झालं. पळाल्याचे पाय ऐकले. मग घंटा झाली. फाटकावरून आत निरोप दिला, तर उत्तर आलं, चौकशी करू.

घरी येऊन वैशूला सांगितलं. तिनं विचारलं, "कोण होती?"

"दिसलं न्हाई, बेटा. मी भिंतीबाहेर होतो."

तिनं मनगटावरची बाही खाली ओढली. मग फडकं ओलं करून तिनं स्टुलाला लागलेला भिंतीचा चुना पुसून काढला. "मॅडम आत बसायच्या," ती म्हणाली. मी स्टूल दाराजवळ ठेवलं. उद्या सुट्टीच्या वेळी परत न्यायचं आहे.