म्हशीच्या गाण्यामागची गोष्ट

आमच्या कोल्हापुरात रॉक म्हटलं की लोक विचारतात, डॉल्बी कुठाय? पंचवीस वर्षं मी गिटार वाजवतोय आणि पंचवीस वर्षं हा एकच प्रश्न ऐकतोय. एका मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही दोन गाणी वाजवली. एक नदीत मरून वर आलेल्या माशांवर, दुसरं बंद पडलेल्या गिरणीवर. तिसरं सुरू करणार तोवर पुढच्या रांगेतला एक जण उठला आणि म्हणाला, "पावणं, समदं बराबर हाय, पर ह्यात नाचायचं कुठं?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तसंही घरी बोलायला दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बँड तिघांचा. मी, एक बेस वाजवणारा आणि एक ड्रमवाला. बेसवाला नोकरीला बंगळूरला गेला तो गेलाच. ड्रमवाला माझा कॉलेजपासूनचा जिगरी. शिरोळकडचं जैनांचं शेतकरी घर, नदीकाठी ऊस, दारात गोठा. आठवड्यातून दोनदा तो मोटरसायकल हाणत यायचा आणि आम्ही त्याच्या पाहुण्यांच्या गुळाच्या वखारीत सराव करायचो. गुळाची वखार म्हणजे मुंग्याच मुंग्या. माझ्या अँप्लिफायरमध्ये शिरलेल्या मुंग्या मी फुंकर मारून उडवायचो. हा गडी मात्र ड्रमवर चढलेली एकेक मुंगी बोटावर घ्यायचा, दाराबाहेर नेऊन सोडायचा आणि मगच काठ्या हातात धरायचा. "आवर की लेका, उशीर व्हायलाय," मी ओरडायचो. "मरतील की रं," तो म्हणायचा आणि पुन्हा खाली वाकायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्याशिवाय करमायचंही नाही.

मोठा पूर आला त्या साली तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. पाणी ओसरल्यावर एका दुपारी वखारीत आला, ड्रमकडे बघितलंसुद्धा नाही, पोत्यावर बसला आणि सांगायला लागला.

अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, ताप होता म्हणून आदल्या दिवशीच नावेतून शाळेतल्या छावणीत हलवलं होतं. गाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढल्या. म्हैस काही केल्या चढेना. ती म्हैस अण्णांची लाडकी, दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही. ट्रॅक्टरवाला बोंबलत होता, पाणी दारात आलेलं. पुरात जनावर बांधून ठेवत नाहीत, मोकळं सोडतात. म्हैस तर लांबलांब पोहत जाते. हे त्याला काय माहीत नव्हतं? पण त्यांच्या भिंतीवर आज्ज्यानं गेरूनं मारलेली एक रेघ आहे, त्याच्या काळातल्या सगळ्यात मोठ्या पुराची. तिकडच्या जुन्या घरांत अशा रेघा असतात आणि लोक भोंग्यावरच्या सूचनेपेक्षा त्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतात. रेघेच्या वर पाणी येत नाही म्हणजे नाही, विषय संपला. गोठ्यामागचा दगडी कट्टा रेघेच्या हातभर वर होता. यानं म्हशीला त्या कट्ट्यावर चढवलं, दोन दिवसांची वैरण टाकली आणि नव्या नायलॉनच्या दाव्यानं बांधलं. साधी गाठ ती ओढून सोडवायची, म्हणून दुहेरी मारली.

पाणी रेघेच्या पुरुषभर वर चढलं.

छावणीत अण्णांनी विचारलं, "म्हस सोडलीस न्हवं?" हा म्हणाला, "सोडली." सहा दिवसांनी तो एकटाच सगळ्यांच्या आधी घरी गेला. गाठ तशीच होती. अण्णा यायच्या आत त्यानं तिला बांधाशेजारी पुरलं. जिथं मुंगी मारवत नाही तिथं हे काय होऊन बसलं, ते मी नव्यानं सांगायला नको.

अण्णा म्हणाले, पवत गेली आसंल, कुठंतरी काठाला लागली आसंल, कुणीतरी बांधली आसंल. तेव्हापासून ते दर सोमवारी एसटीनं हातकणंगल्याच्या पलीकडं जनावरांच्या बाजाराला जायला लागले. तिच्या कपाळावर पांढरा चांद होता, डावं शिंग मोडकं होतं. बाजारभर फिरायचे, चार ओळखीच्यांबरोबर चहा प्यायचे, दिवस बुडायच्या आत घरी येऊन जेवायचे. "ह्या खेपंला न्हाय गावली," म्हणायचे. मित्र मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

खरं तर हे ऐकल्यावर मी त्याला नुसतं जवळ घेऊन बसायला हवं होतं. मी काय केलं? गाणं केलं. त्याच आठवड्यात. "कुणी सोडलं पाणी, कुणी बांधलं दावं" अशी ओळ होती. गाण्यात मी सगळा जाब धरणाचं पाणी सोडणाऱ्यांना विचारला होता, वेळेवर न सांगणाऱ्या साहेबांना विचारला होता. त्याला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं कागद घडी घालून माझ्या खिशात कोंबला. मग म्हणाला, "गाण्यात काय बी लिही. पर खरी गोष्ट आपल्या दोघांत. अण्णांच्या कानावर जाता कामा नये." मी म्हटलं, "आईशप्पत." त्या दिवशी त्यानं असा काही ड्रम वाजवला की वखारीचे पत्रे थरथरले.

गाणं चाललं की राव! पन्हाळ्यावर पोरापोरींचा एक मेळावा होता, तिथं ती ओळ आमच्याआधी समोरचेच म्हणायला लागले. नाचायचं कुठं हे कुणीही विचारलं नाही. परत येताना मोटरसायकलवर मागं बसून मी मोठमोठ्यानं गात होतो. आयुष्यात एवढा खूश मी क्वचितच झालो असेन.

पुढं पुण्याहून एक मुलगी आली. अशा गाण्यांमागच्या गोष्टींचे व्हिडिओ करायची. कॅमेरा, दोन दिवे, कॉलरला लावायचा छोटा माइक. माझ्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर दुसरा कप बाहेर काढायची वेळ कित्येक महिन्यांनी आली होती. तिनं विचारलं, "सर, हे गाणं सुचलं कसं? खरी गोष्ट काय आहे?" मी पुराबद्दल बोललो, धरणाबद्दल बोललो. ती मान हलवत होती, पण डोळे कागदावर. मग मी म्हशीवर आलो आणि तिनं कागद बाजूला ठेवला. बास! कुणीतरी कागद बाजूला ठेवून माझं ऐकतंय, एवढ्यावर मी फसलो. रेघ सांगितली, कट्टा सांगितला, दुहेरी गाठ सांगितली, छावणीतलं "सोडलीस न्हवं?" आणि "सोडली" सांगितलं, पहिलं तर अगदी अण्णांच्या आवाजात. वर "माझा ड्रमर मित्र" असंही म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. ती गेल्यावर कप विसळताना मी शीळ घालत होतो, इतका मी गाढव.

मनात कुठंतरी हिशेब होता की अण्णा कशाला असले व्हिडिओ बघतात? त्यांच्याकडं साधा फोन. पण गावात सलून असतं हे मी विसरलो. अण्णा दाढीला बसले होते. न्हाव्यानं कौतुकानं, अगदी कौतुकानंच, मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "अण्णा, तुमच्या म्हशीची गोष्ट लागलीया बघा." अर्ध्या दाढीला साबण तसाच, आणि अण्णांनी तो शेवटपर्यंत बघितला.

मित्राचा फोन आला. "अण्णांनी बघितलं," एवढंच बोलला आणि ठेवला. मी त्या मुलीला विनवून व्हिडिओ काढायला लावला. तिनं बिचारीनं लगेच काढला, पण तोवर तो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरला होता. मी मित्राला रोज फोन करायचो. आधी वाजायचा, नंतर वाजेनासाही झाला. वखारीत त्याचा ड्रम पोत्याखाली झाकून पडलेला. मी एकटाच जाऊन बसायचो. गाण्याची बोलावणी येत होती, मी नाही म्हणून सांगायचो. मला दुसरं काही नको होतं. त्यानं यावं आणि मला आईबहिणीवरून चांगल्या सणसणीत शिव्या घालाव्यात, कानाखाली आवाज काढावा. म्हणजे नंतर चहाला तरी जाता आलं असतं.

अकरा महिने वाट बघून शेवटी मीच शिरोळची एसटी धरली. खांद्यावर गिटार का घेतली देव जाणे. रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं. दारात अण्णा बसले होते. पंचवीस वर्षं मला "काय रं, आलास?" म्हणणारा माणूस उठून उभा राहिला. "या पावणं, बसा."

मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं. म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं."

"तुमचं कशानं चुकंल? खरं त्येच सांगितलासा." चहा आला. त्यांनी कपबशी माझ्याकडं सरकवली. "एक इचारू? तुमच्या गाण्यात पाणी सोडणाऱ्यांचा दोष हाय म्हणं. आन मोबाइलात सांगितलासा, गाठ माज्या पोरानं मारली. त्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही, अण्णा."

"मग त्या पोरीला निस्ती गाठच का सांगितलासा?"

धरणाचंही मी सांगितलं होतं. पण तिनं कागद बाजूला ठेवला तो मी म्हशीवर आल्यावरच.

"आन ती रेघ," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. "रेघंच्या वर पाणी येत न्हाय म्हणून त्येला ल्हानपणापास्नं मीच शिकीवलं. ह्ये बी तुमच्या गोष्टीत न्हवतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्यो आता माज्या म्होरं बसत न्हाय. गोठ्यात जेवतोय. मी म्हणतो, आरं, माजी बी चूक हाय, ये की आत. ऐकत न्हाय."

गोठ्याकडून बादलीचा आवाज येत होता. तो तिथंच होता, माझा आवाज त्याला ऐकू जात होता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, येत्या सोमवारी मी येतो. आपण दोघं बाजाराला जाऊया."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "जाऊन आता कुणाला हुडकायचं?"

ऊन उतरलं होतं, आत ताटं मांडल्याचा आवाज आला. "दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन जावा," अण्णा म्हणाले, पण परक्या माणसाला म्हणतात तसं. मी नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला नाही. गोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "पावण्यास्नी ष्ट्यांडवर सोडून ये."

तो हात पुसत आला. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. काही न बोलता मोटरसायकलला किक मारली, मी मागं बसलो. दोन्ही बाजूंना उंच ऊस. त्याच्या पाठीला मी एवढा जवळ होतो की तंबाखूचा वास येत होता. हा गडी आधी तंबाखूला शिवत नसे. मी म्हटलं, "माफ कर रं." पुन्हा म्हटलं. वारा होता, पण त्याला ऐकू गेलं हे मला त्याच्या ताठलेल्या मानेवरून कळलं. म्हटलं, "शिव्या तरी घाल की लेका." त्यानं गिअर बदलला.

स्टँडवर गाडी थांबली. इंजिन त्यानं बंद केलं नाही.

"उतर," तो म्हणाला.

अकरा महिन्यांत माझ्याशी बोललेला तेवढाच एक शब्द. मी उतरलो. आणखी काही बोलेल म्हणून गिटारचा पट्टा नीट करायचं निमित्त करून तिथंच उभा राहिलो. त्यानं गाडी वळवली आणि ऊस जिथं सुरू होतो तिथं दिसेनासा झाला.